मुकबिलचा तन्नूर

मी तन्नूर बोलतोय. तुमच्याकडे मला तंदूर म्हणतात. रियाधच्या अल सुलै भागात गोदामांच्या रांगेत एक रोटीचं दुकान आहे, त्याच्या मागच्या अंगणात मी पडून आहे. तोंडावर पत्रा आणि पत्र्यावर जुने टायर. अंगावर वरपासून खालपर्यंत फट गेली आहे. माझ्यात आता कुणी आग घालत नाही.

मला मराठी कशी येते, असं तुम्हाला वाटेल. दाभोळच्या मुनाफमुळे येते. तो माझ्याजवळ बसून बायकोशी, मुलीशी, गावच्या माणसांशी बोलायचा. कुणी नसलं की स्वतःशीच पुटपुटायचा. वर्षानुवर्षं ऐकलं की भिंतीलाही कळायला लागतं. मी तर मातीचा.

माझा जन्म यमनच्या डोंगरातला. तइझ शहराच्या वर, चढणीला चिकटलेलं एक गाव आहे. तिथे मुकबिलच्या आईने मला हाताने घडवलं. गावाच्या खाली एक शेत होतं, हारूनचं शेत म्हणत त्याला. तिथली माती लालसर आणि चिकट. म्हातारीने ती टोपलीतून डोक्यावर वाहून आणली, चाळली, तिच्यात राख आणि शेळीचे केस मिसळले, पायांनी तुडवली. मग वळीवर वळी रचत मला उभं केलं. उन्हात ठेवलं नाही, घाईने वाळलं की तडकतं म्हणून. मी सावलीत हळूहळू वाळलो.

मुकबिल तिचा थोरला. तो रियाधला गवंडीकाम करायचा. सुट्टीवर आला तेव्हा आई त्याला म्हणाली, "तिकडे दुसऱ्याच्या भिंती किती दिवस बांधणार? हा घेऊन जा. रोटी लाव आणि स्वतःच्या जागेत बस."

तिने मला गोधड्यांत गुंडाळलं आणि ट्रकवर चढवताना सगळ्या हमालांना दम दिला. सरहद्दीवर शिपायाने गोधडी उचकून पाहिलं आणि विचारलं, "हे काय?" मुकबिल म्हणाला, "आईचा तन्नूर." शिपाई हसला आणि हाताने 'जा' म्हणाला. तेव्हा तेवढंच पुरत असे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. सौदीत बाहेरचा माणूस आला की त्याला कुणा सौदीच्या नावावर राहावं लागतं. तो त्याचा कफील. राहण्याचा परवाना म्हणजे इकामा, तो या कफीलच्या मर्जीवर. भारतातला असो, मिसरचा म्हणजे इजिप्तचा असो, सगळ्यांना हाच नियम. यमनच्या माणसांना मात्र तेव्हा कफील लागत नव्हता. शेजारचे, भाऊबंद, म्हणून सवलत होती. ते स्वतःच्या हिमतीवर दुकान काढायचे, गाडी चालवायचे, पोरंबाळं वाढवायचे. लाखो होते. रियाध त्यांनीच बांधलं असं मुकबिल म्हणायचा, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

अल सुलैमध्ये तेव्हा गोदामं नुकती उभी राहत होती. मुकबिलने रस्त्याकडेला दुकान घातलं, दर्शनी भागात विटांच्या चौथऱ्यात मला बसवलं, भोवती वाळू भरली, खालून गॅसची नळी घेतली. मागच्या दोन खोल्यांत संसार मांडला. हमामा नावाची बायको आली, मग अरवा नावाची मुलगी झाली.

पहाटे पीठ भिजायचं, सूर्य वर आला की गिऱ्हाईक. मुकबिल पिठाचा गोळा हवेत झुलवून पातळ करी, गादीसारख्या उशीवर पसरी आणि हात थेट माझ्या पोटात घालून भिंतीवर चापट मारल्यासारखा लावी. त्याच्या उजव्या हातावर केस उरलेच नव्हते. रोटी फुगली, डाग पडले की आकड्याने ओढून काढायची. माणसं रोटी घेताना काय करतात हे मी फार पाहिलं आहे. पठाण ती आधी कपाळाला लावतो. मिसरी लगेच एक तुकडा तोडून तोंडात टाकतो, मग पैसे देतो. आपली कोकणची माणसं वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत धरतात आणि चालायला लागतात, जणू कुणी हिसकावून घेईल.

मुनाफ त्यांच्यातलाच. समोरच्या सुट्या भागांच्या गोदामात तो स्टोअरकीपर होता. अंगाने सडपातळ, बोलायला कमी. बरेच दिवस तो रोटी घेऊन निघून जायचा. एकदा त्याच्या हातात कागदात गुंडाळलेली सुरमई होती. दम्मामहून आलेली, कुणीतरी दिलेली. खोलीवर स्टोव्ह बिघडलेला. तो दुकानासमोर उभा राहिला आणि मोडक्या अरबीत मुकबिलला काही सांगू लागला. मुकबिलने ऐकून न घेता मासा हातातून घेतला, पाठीतून चिरून उघडा केला, मीठ-मिरची चोळली आणि माझ्या भिंतीला चिकटवला. आमच्याकडे समुद्रकाठचे लोक असाच भाजतात. मुनाफ बाकावर बसला आणि काट्यासकट संपवला. मग खाली बघत राहिला. डोळे पुसले की घाम, ते मला दिसलं नाही.

त्यानंतर तो मुकबिलला 'अम्म' म्हणू लागला. अम्म म्हणजे काका.

पुढे मासूमा आली, मुनाफची बायको. तिला सरकारी इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती, बाळंतिणींच्या वॉर्डात. बरोबर सानिया, अरवाच्याच वयाची. दोघी पोरी चौथऱ्याला टेकून बसत. सानिया इंडियन स्कूलमधलं इंग्लिश बोले, अरवा अरबी. भांडणं मात्र दोघींची एकमेकींना नीट कळत. मासूमा घरून लाल मसाला वाटून आणे आणि हमामा त्यात मासा बुडवून देई. मासूमा एकदा मराठीत मुनाफला म्हणाली, "या घरात आलं की परदेशात आहोत असं वाटतच नाही हो." मी तेव्हा चांगलाच तापलेलो होतो. आणखी थोडा तापलो.

मग तो ऑगस्ट आला.

इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. दुकानात कोपऱ्यातला टीव्ही दिवसभर चालू राहू लागला. अमेरिकेचे सैनिक येऊ लागले, महामार्गावर रणगाडे वाहणारे ट्रक दिसू लागले. लोक रोट्या जास्त घेऊ लागले, साठवायला. यमनचं सरकार या परक्या फौजांच्या विरोधात बोललं. सौदीत ते शत्रूची बाजू घेतल्यासारखं धरलं गेलं.

एक ट्रकमालक रोज सकाळी यायचा, मुकबिलच्या खांद्याला खांदा लावून सलाम करायचा. त्या दिवशी तो बाहेरच उभा राहिला.

"तुमच्या लोकांनी काय केलं, ऐकलंस?" त्याने विचारलं.

"ऐकलं," मुकबिल म्हणाला. "मला कुणी विचारलं नव्हतं."

"मीठ आमचं खायचं आणि…" ट्रकमालकाने वाक्य पुरं केलं नाही. रोटी न घेताच गेला. दुसऱ्या दिवशी तो पलीकडच्या गल्लीतून रोटी नेताना दिसला. हळूहळू बरेच जण तिकडून नेऊ लागले. त्यांच्यात कोकणातलेही होते. मुकबिलशी त्यांचं वाकडं नव्हतं. आपल्याला कुणी बघू नये, एवढंच. भीती माणसाला रस्ता बदलायला लावते आणि तो बदलला की पाय आपोआप तिकडे वळतात.

सप्टेंबरात नियम निघाला. यमनी माणसाची सवलत संपली. त्यालाही आता कफील हवा, दुकानाला सौदी मालक किंवा भागीदार हवा. थोडी मुदत होती. तेवढ्यात जमलं तर राहा, नाही तर विका आणि जा.

सगळ्या यमनी दुकानांत एकच बोलणं सुरू झालं. कफील मिळाला का? कुठे मिळाला? कुणी ओळखीच्या सौदीच्या दारात दिवस दिवस बसू लागला. हा भलेपणा करायला तयार असणारे थोडे होते, आणि जे होते त्यांनाही आजूबाजूला काय बोलतील याची चिंता होती.

हमामा तेव्हा पोटुशी होती, दिवस भरत आलेले.

मुकबिलने मुनाफला विचारलं, "तुझा कफील कसा माणूस आहे?"

मुनाफच्या कफीलला अबू तुर्की म्हणत. गोदाम त्याचंच. मवाळ बोलायचा, हातात जपमाळ असायची, नोकरांवर कधी ओरडत नसे. मुनाफने त्याच्याकडे शब्द टाकला. मुकबिल कसा प्रामाणिक आहे, दुकान कसं चालतं, सकाळी किती गर्दी असते, सगळं रंगवून सांगितलं. अबू तुर्की म्हणाला, "बघू, इन्शाल्लाह."

मुनाफ धावत आला. "अम्म, काम झालं समजा. ते नाही म्हणाले नाहीत."

मुकबिलने त्या दिवशी दुकानातल्या सगळ्यांना चहा पाजला.

मग 'बघू' चालू राहिलं. अबू तुर्की गावाला गेला आहे. अबू तुर्कीला ताप आहे. पुढच्या आठवड्यात. शेजारची यमनी दुकानं एकेक करून बंद पडत होती. शिंपी गेला, न्हावी गेला. फ्रिज, शिलाई मशीन, खाटा रस्त्यावर मांडलेल्या असत आणि लोक वाकून वाकून बघत, किंमत पाडून मागत. विकणारा नाही म्हणाला तर म्हणत, "ठीक आहे, परवा येतो." परवा तो आणखी कमीला देणार, हे दोघांनाही ठाऊक असे.

मुदत सरत आली तेव्हा मुनाफ एका दुपारी आला आणि दुकानाच्या उंबऱ्यावरच थांबला. नेहमी तो आत येऊन बसायचा.

"अम्म," तो म्हणाला, "ते म्हणतात, कफील होणं जमणार नाही. दुकान विकत घेतात."

"किती देतात?"

मुनाफने सांगितलं. मुकबिल रोटी लावत होता, त्याचा हात थांबला नाही.

"एवढ्यात तर गावाकडे जायला ट्रकसुद्धा मिळणार नाही. आणि दुकान चालवणार कोण?"

मुनाफने चपलेने उंबऱ्यावरचं पीठ सारलं.

"तू?"

"मला विचारलं नाही, अम्म. सांगितलं."

मुकबिलने गॅस बारीक केला आणि बाकावर बसला. मला वाटलं, आता तो शिव्या देईल. मुनाफलाही तसंच वाटलं असावं, तो मान खाली घालून उभा होता.

"बस," मुकबिल म्हणाला. मुनाफ बसला.

"आमच्या गावात हारून नावाचा यहुदी कुंभार होता. मी लहान होतो तेव्हाची गोष्ट. यहुदी लोकांची पन्नास-साठ घरं असतील तिथे. पिढ्यान् पिढ्या तिथलेच. आमच्या घरातली सगळी मडकी हारूनची. त्याचा मुलगा माझ्याबरोबर खेळायचा. तिकडे पॅलेस्टाइनमध्ये लढाई झाली आणि आमच्याकडे लोक त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. मग हुकूम आला. यहुद्यांना जायचं तर जाऊ द्या, पण घर-जमीन विकून जायचं. सगळे एकदमच विकायला निघाले. घेणारे आम्हीच. काय भाव मिळणार? माझ्या बापाने हारूनचं शेत घेतलं. एक गाढव दिलं आणि थोडं धान्य."

"मग?"

"मग काय, कागद झाला, अंगठे झाले. कायद्याने सगळं बरोबर. हारून जाताना आमच्या दारात आला होता. बाप घरात असून बाहेर गेला नाही. मला म्हणाला, जा, सांग, अब्बा बाजारात गेलेत. मी सांगितलं." मुकबिलने माझ्याकडे हात केला. "हा त्याच शेताच्या मातीचा आहे. माझ्या आईला ती माती उकरताना कधी काही वाटलं असेल तर ती बोलली नाही. मला तरी आजवर कुठे काय वाटलं? म्हणून तुला काय बोलू? बोलायला तोंड नाही मला."

मला माझ्याबद्दल हे तेव्हा कळलं. मी आजवर मला मुकबिलच्या आईचा समजत होतो.

मुनाफ उठला. दारापर्यंत गेला आणि परत वळून म्हणाला, "मी त्यांना दुकानाची तारीफ सांगितली नसती तर…"

"तू माझ्यासाठीच सांगितलीस," मुकबिल म्हणाला. त्याने गॅस पुन्हा मोठा केला.

मासूमा हमामाला तपासायला रोज येत होती. इस्पितळात आता यमनी बाईला आधी इकामा विचारत, म्हणून हमामा तिकडे जायला घाबरत होती. एक दिवस बाहेर पडताना मासूमाने मुनाफला माझ्याजवळ गाठलं. दोघं मराठीत बोलले, आतल्या माणसांना कळू नये म्हणून.

"तुम्ही नाही म्हणा," ती म्हणाली.

"नाही म्हटलं तर इकामा जाईल गो."

"जाऊ दे. माझी नोकरी आहे. माझा इकामा इस्पितळाचा आहे."

"आणि मी? दाभोळला जाऊन जेट्टीवर बसू? मी नाही म्हटलं तर तो उद्या दुसरा बसवील. दुकान तर जाणारच आहे ना."

"जाणारच आहे, तर तुमच्या हातून कशाला जायला हवं?"

ती ओढणी सारखी करून निघून गेली. मुनाफने नाही म्हटलं नाही. तो वाईट नव्हता. त्याची आई होती गावाला, धाकट्या बहिणीचं लग्न होतं, अर्धवट बांधलेलं घर होतं. सगळ्यांचं असतं. दुसऱ्याचं घर घेणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आई असते.

मूल झालं ते मासूमाच्या हातावर, मागच्या खोलीत, सकाळच्या वेळी. मला फक्त ऐकू येत होतं. मासूमा शांत आवाजात अरबीत सांगत होती, हमामा दात आवळून कण्हत होती. मग बारीकसं रडणं. मुलगा झाला होता. मासूमाने त्याला कपड्यात गुंडाळून माझ्याजवळ आणलं, ऊब लागावी म्हणून. मुकबिलने त्याच्या कानात अजान दिली आणि नाव ठेवलं अदनान. सानियाने बोट पुढे केलं तर त्याने मुठीत धरलं. "He's so strong, मम्मी," ती हसत म्हणाली. त्या घरातलं शेवटचं हसणं मी ऐकलं ते तेव्हाचं.

बाळंतीण उठून बसू लागते न लागते तोच निघायची वेळ झाली. पिकअप आली. गाद्या, भांडी, पत्र्याची पेटी चढली. मग मुकबिल पहार घेऊन माझ्याकडे आला आणि चौथऱ्याच्या विटा काढू लागला. अबू तुर्कीचा एक माणूस दुकानाचा ताबा घ्यायला आलेला होता. तो म्हणाला, "तन्नूर दुकानात धरला आहे. तो राहू दे."

"हा माझ्या आईने केलेला आहे."

"असेल. पण दुकान तन्नूरसकट घेतलंय."

मुकबिलने मुनाफकडे पाहिलं. मुनाफ किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन उभा होता. तो त्या माणसाला म्हणाला, "घेऊ द्या ना. आपण दुसरा आणू." माणसाने नुसती नकारार्थी मान हलवली. मुनाफने जुडगा खिशात घातला.

मग मुकबिलने काय करावं? काढलेल्या विटा त्याने एकेक करून परत लावल्या. गवंडी होता तो, लावल्या त्याही नीट, सरळ रेषेत. वाळू आत ढकलली. हात झाडले. अरवा पिकअपच्या मागे सामानावर बसून हे बघत होती. सानिया शाळेत होती म्हणून दोघींची भेट झाली नाही.

दुकान चार दिवसांनी परत उघडलं. दोन मिसरी कारागीर ठेवले, मुनाफ गल्ल्यावर. जे लोक पलीकडच्या गल्लीत जाऊ लागले होते ते परत आले. ट्रकमालकही आला आणि मुनाफच्या खांद्याला खांदा लावून सलाम करून गेला. अबू तुर्कीला सैन्याच्या एका छावणीला रोट्या पुरवण्याचं काम मिळालं. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेटलेला असे. एवढा कधीच चाललो नव्हतो. जळणाऱ्याला कुणासाठी जळायचं हे ठरवता येत नाही.

मासूमा दुकानात येईनाशी झाली. मुनाफ इथली रोटी घरी नेई, ती तशीच परत कचऱ्यात जाई, हे मला मुनाफ स्वतःशी बोलायचा त्यातून कळलं. सानिया एकदा शाळेतून परस्पर आली आणि विचारलं, "पप्पा, अरवा कब वापस आएगी?" मुनाफ म्हणाला, "लडाई खतम होने दो." ती म्हणाली, "But she's not fighting." मुनाफने तिला कोपऱ्यातला ज्यूस काढून दिला.

जानेवारीत लढाई सुरू झाली. काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या आल्या, खुंटीवर विषारी वायूच्या भीतीने तोंडाला लावायचे मुखवटे आले. भोंगा वाजायचा, आकाशात स्फोट व्हायचे, गोदामांचे पत्रे थरथरायचे. सकाळी लोक मोजक्या शब्दांत विचारपूस करत आणि रोटी घेऊन जात.

अशाच एका सकाळी गफूर आला. श्रीवर्धनचा, मुनाफचा जुना मित्र, यमनच्या सरहद्दीवरच्या जिझानपर्यंत ट्रक नेणारा. महिने झाले तो रियाधकडे आला नव्हता. त्याच वेळी मासूमा ड्युटीवर जाताना दाराबाहेर उभी होती. मुनाफ घरी विसरलेला मुखवटा द्यायला आलेली. आत पाऊल न टाकता तिने तो बाहेरूनच पुढे केला होता.

"मुकबिल भेटला होता मला," गफूर म्हणाला. "तेव्हाच, सरहद्दीजवळ."

मुनाफ गल्ल्यामागून बाहेर आला. "बरे आहेत?"

गफूरने टोपी काढली. "गाड्यांची रांग केवढी होती, काय सांगू. वाळूत नुसती माणसं. पाणी नाही, सावली नाही. रांग पुढे सरकायलाच तयार नाही. त्यांचं पोर गेलं रे."

"कोणतं पोर?" मुनाफने विचारलं. त्याला कळलं होतं, तरी विचारलं.

"तान्हं."

"ताप होता का?" मासूमाने बाहेरून विचारलं. नर्सच्या आवाजात.

"ताप होता. त्याच्या आईला दूधच येईना, भाभी. प्यायला पाणी नाही तर दूध कुठून येणार. मीच खड्डा खणायला हात लावला. मोठी मुलगी विचारत होती, इथे ठेवून जायचं का म्हणून."

मासूमा आत आली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. ती सरळ माझ्याकडे आली. कारागीर छावणीची ऑर्डर लावत होते, माझ्या भिंतीवर रोट्या फुगत होत्या. तिने खाली वाकून गॅसची चावी बंद केली.

"मासूमा, ऑर्डर आहे," मुनाफ म्हणाला. आवाज अगदी लहान.

पिठासाठी भरून ठेवलेलं पाण्याचं पिंप बाजूला होतं. तिने बादली बुडवली आणि माझ्या तापलेल्या पोटात ओतली. मग दुसरी. वाफेचा लोट छताला लागला, कारागीर मागे सरले. माझ्या आत कडकन आवाज झाला आणि वरपासून खालपर्यंत फट गेली. तिला ठाऊक असेल की नसेल, तापलेली माती असं पाणी सोसत नाही.

मला तिचा राग आला नाही. त्या दिवशी विझावं असं मलाच वाटत होतं.

ती बादली खाली ठेवून बाकावर बसली आणि रडली. मुनाफ जवळ गेला, पण हात लावायचं त्याला धाडस झालं नाही. गफूरने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

दुपारी अबू तुर्की आला. त्याने फट पाहिली आणि मऊ आवाजात विचारलं, "कुणी केलं?"

"मी," मुनाफ म्हणाला.

"का?"

"मी पाणी ओतलं."

अबू तुर्कीने जपमाळेचे दोन मणी सरकवले. माणूस हाकलावा तर छावणीची रोटी अडते, हे त्याने मनात जोखलं असावं. "खलास," तो म्हणाला. "यंत्र आणू." मुनाफने नाही म्हणायला हवं होतं तेव्हा तो गप्प राहिला होता. आता जे बोलला ते उशिरा बोलला. पण बोलला, आणि मी ते ऐकलं आहे, म्हणून सांगतो.

लोखंडी यंत्र आलं. मला पहारींनी उपटून मागे अंगणात टाकलं. लढाई संपली, लोकांनी काचांवरच्या पट्ट्या खरवडून काढल्या. मासूमाने इस्पितळाची नोकरी सोडली आणि सानियाला घेऊन ती दाभोळला गेली. भांडून गेली असं मुनाफने कुणाला सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचा, पोरीची शाळा.

तो मात्र राहिला. काही वर्षांनी यमनच्या लोकांना पुन्हा येऊ देऊ लागले, इतरांसारखे, कफीलच्या नावावर. मुनाफने अबू तुर्कीच्या मागे लागून लागून एक व्हिसा काढला आणि मुकबिलला पाठवला.

मुकबिल आला तेव्हा मी त्याला चालीवरून ओळखलं. दाढी पांढरी, एक खांदा उतरलेला. हातातल्या पिशवीत एक लुंगी आणि एक सदरा. दोघं मागच्या दारात समोरासमोर उभे राहिले.

"अम्म," मुनाफ म्हणाला, "दुकान परत द्यायचं माझ्या हातात नव्हतं. एवढंच होतं."

"माझं काम काय आहे?" मुकबिलने विचारलं.

"यंत्रावर. रोट्या मोजून थप्प्या लावायच्या."

"आणि झोपायचं कुठे?"

मुनाफने हाताने दाखवलं. मागची खोली. अदनान जन्मला ती. मुकबिलने पाहिलं, मान हलवली आणि पिशवी आत नेऊन ठेवली. स्वतःच्या दुकानात आता तो मजूर होता. इकाम्यावर कफील म्हणून अबू तुर्की. कायद्याने सगळं बरोबर.

एका शुक्रवारी त्याने माझ्यावरचे टायर उतरवले. माती कालवली, फट लिंपली, सुकू दिली, लाकडं घालून मला पेटवलं. मुनाफ जवळ येऊन बसला. मी जीव एकवटून तापलो. मुकबिलने पिठाचा गोळा पसरून लावला. रोटी क्षणभर चिकटली, कडा उचलली आणि घसरून आगीत पडली. दुसरीही पडली. फटीतून वाफ बाहेर जात होती, रोटी धरून ठेवायला मी उरलोच नव्हतो.

"राहू दे," मुकबिल म्हणाला. दोघं निखारे विझेपर्यंत बसून राहिले. कुणी कुणाची माफी मागितली नाही. मग मुनाफने पत्रा उचलला, मुकबिलने टायर ठेवले.

या अंगणात आता शीतगृह बांधायचं ठरलं आहे. मोजमाप घेणारे लोक येऊन गेले. मला फोडून भरावात टाकतील. मला त्याची खंत नाही, मी पुष्कळ जगलो.

जाण्याआधी एवढंच मागतो. कधी तरी तुम्हालाही कुणाचं घर, कुणाचं शेत, कुणाची चालती भट्टी फारच स्वस्तात मिळेल. कागद पक्के असतील, शिक्के असतील, घेऊ नये असं कुणीच म्हणणार नाही. तेव्हा विकणाऱ्याला विचारा, बाबा, तू का विकतोयस? आणि तो उत्तर देईपर्यंत त्याच्या दारातून हलू नका.